सिस्टर ‘सोडते नोकरी’ म्हणाली, तर इनचार्जने काय करायचं

कोविड वॉर्डची इनचार्ज म्हणून मी दोन्ही लाटा पाहिल्या. पुढच्या साथीत ड्युटीचा तक्ता ज्यांच्या हातात असेल, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी बर्नआउट ओळखायला शिका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या: त्राण संपणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. मूळही कामाच्या जागीच सांगितलं, माणसाच्या स्वभावात नाही. वॉर्डात ते असं दिसतं: काल ‘आजोबा’ म्हणणारी मुलगी आज ‘बेड बारा’ म्हणते. हँडओव्हर दोन वाक्यांत उरकते. पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९४ वरून ८९ वर आलेलं नीट लिहिते, पण मागचा आकडा बघत नाही, हाक मारत नाही.

अशा मुलीला सेवाव्रताची आठवण करून देऊ नका. तिने ते सोडलेलं नसतं. मे २०२० मध्ये मणिपूरच्या दीडशेहून जास्त परिचारिका कोलकात्यातल्या खासगी रुग्णालयांच्या नोकऱ्या सोडून गावी गेल्या. अशांना ‘पळून गेल्या’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

नाइट संपवून आलेल्या सिस्टरचा राजीनामा त्या सकाळी पुढे पाठवू नका. आधी ऑफ द्या, आणि ऑफमध्ये तिला फोन करू नका. परत आली की एकच विचारा, ‘नर्सिंग नको झालंय, की ही ड्युटी?’ बहुतेक वेळा उत्तर ड्युटी हेच येतं, आणि ड्युटी बदलता येते. आयसीयूतून काही दिवस साध्या वॉर्डात आणा. लागोपाठच्या नाइट तोडा. पीपीई किट घालण्या-काढण्याचा वेळ ड्युटीतच धरा. किटमध्ये ना पाणी पिता येतं, ना लघवीला जाता येतं, आणि मासिक पाळीच्या दिवसांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. त्या दिवसांत तिला किटबाहेरचं काम द्या, कारण न विचारता.

दर पाळीला किती पेशंट, किती सिस्टर, हे रजिस्टरमध्ये लिहा आणि मेट्रनना, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला, लेखी कळवा. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर हवी, हे तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

ड्युटी रूममध्ये १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन: मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सिस्टर फोनवर असेल तेवढा वेळ तिचे बेड तुम्ही सांभाळा.