एकच कर्नल, निरनिराळे प्रोसेसर: घरच्या टेबलावर चाचणी कशी लावायची

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं म्हणजे कर्नलचं मॉड्यूल (त्याला जोडायचा कोडचा तुकडा) किंवा मशीन सुरू करणारा बूट कोड तुमच्या लॅपटॉपवर चालला, म्हणजे तो एका प्रोसेसरवर, एका कोअरसंख्येला आणि एका पेज साइजला (मेमरी ज्या ठोकळ्यांत वाटली जाते त्यांचा आकार) चालला, इतकंच कळतं. रत्नागिरीत किंवा देवगडात बसून काम करणाऱ्याच्या हाताशी सर्व्हर रूम नसते. पण लिनक्सचा एक बरा लॅपटॉप, क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि एक रास्पबेरी पाय ४ (आर्म प्रोसेसरचा छोटा बोर्ड) असला की बहुतेक काम भागतं.

प्रत्येक प्रोसेसरला प्रत्येक कॉन्फिग (कर्नल बांधतानाच्या पर्यायांचा संच) जोडून भलामोठा तक्ता करू नका. रात्रभर मशीन तापतं आणि सकाळी तेच ते निकाल दिसतात. कुठली चूक कुठल्या मांडणीत उघडी पडते ते आधी ठरवा आणि मोजक्या मांडण्या घ्या.

तयारी थोडकी आहे. डेबियन किंवा उबुंटूत क्यूईएमयूची सिस्टिम पॅकेजेस आणि आर्म६४, रिस्क-व्ही, एस३९०एक्स या प्रोसेसर प्रकारांचे (आर्किटेक्चर) क्रॉस कंपायलर (एका प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी कोड बनवणारे) तयार मिळतात. कर्नलचा पूर्ण गिट इतिहास काही जीबींचा आहे, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेप्थ १ देऊनच (फक्त शेवटची आवृत्ती) क्लोन करा. प्रत्येक आर्किटेक्चरची बिल्ड वेगळ्या आउटपुट डिरेक्टरीत ठेवा, नाहीतर एकाची कॉन्फिग फाइल दुसऱ्याच्या बिल्डमध्ये घुसते. (खालचे पर्याय उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, टर्मिनलवर इंग्रजी स्पेलिंगच टाका.)

पहिली फेरी कोअरसंख्येची. क्यूईएमयूला एसएमपी (कोअरसंख्येचा पर्याय) १, २, ३ आणि ४ देऊन चार वेळा बूट करा. एका कोअरवर ‘दुसरा कोअर फ्लॅग बदलेल’ म्हणून वाट पाहणारा कोड अडकून बसतो, आणि ऑनलाइन कोअर वजा एक या संख्येने भागणारा कोड एक्स८६ वर शून्याने भागून कोसळतो. ३ हा आकडा लोक हमखास वगळतात, पण तोच कामाचा. २, ४, ८ वर मास्क लावून (संख्येचे फक्त खालचे बिट घेऊन) कोअर निवडणारा कोड बिनबोभाट चालतो, ३ वर त्याचं पितळ उघडं पडतं. मग सॉकेट २, कोअर १, थ्रेड २ अशी मांडणी द्या. प्रत्येक क्रमांक म्हणजे वेगळा कोअर, असं गृहीत धरलेलं असेल तर ते इथे कळतं. शेवटी सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइलींसारख्या दाखवणारी डिरेक्टरी) सीपीयू १ ऑफलाइन-ऑनलाइन करणारा लूप चालू ठेवून त्याच वेळी तुमची चाचणी चालवा. पर-सीपीयू (प्रत्येक कोअरच्या वेगळ्या) डेटाची साफसफाई चुकली असेल तर बहुधा इथेच दिसतं.

रिस्क-व्हीवर बूट करणारा हार्ट (हार्डवेअर थ्रेड) शून्यच असेल असं धरू नका. हार्टचा क्रमांक ए० रजिस्टरमध्ये आणि डिव्हाइस ट्रीचा (हार्डवेअरच्या यादीचा) पत्ता ए१ मध्ये येतो, तोच वाचा.

दुसरी फेरी आकारांची. ३२-बिट एक्स८६ किंवा आर्मची बिल्ड करा. ६४-बिट संख्येचा साधा भागाकार केला असेल तर एक्स८६ वर लिंकर ‘यूडिव्हडीआय३ सापडत नाही’ म्हणून थांबतो (आर्मवर नाव वेगळं), तिथे कर्नलचं डिव्ह-यू६४ वापरा. बिग एंडियनसाठी (संख्येचा मोठा बाइट आधी) एस३९०एक्स घ्या, हेडरमधले बाइट उलटे वाचले जात असतील तर पहिल्याच रनमध्ये कळतं. आर्म६४ वर पेज साइज ४, १६ आणि ६४ केबी अशा तीन बिल्ड करा. ४०९६ हा आकडा कोडमध्ये सरळ लिहून टाकण्याची सवय फार पसरली आहे, आणि रास्पबेरी पाय ५ चा मूळ कर्नलच १६ केबी पेजवर चालतो.

डीबग पर्यायांत लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारा) आणि ॲटॉमिक-स्लीप (जिथे झोपायला मनाई तिथे कोड झोपतो का याची) तपासणी कायम चालू ठेवा. केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारा) आणि केसीसॅन (दोन कोअर एकाच डेटाला एकाच वेळी हात लावतात ते पकडणारा) एकत्र लावता येत नाहीत, दोन वेगळ्या बिल्ड कराव्या लागतात.

रन आपोआप संपला पाहिजे. कर्नलच्या कमांड लाइनवर पॅनिक=-१ आणि क्यूईएमयूला नो-रीबूट दिलं की पॅनिक (कर्नल सावरता न येता थांबणं) होताच प्रोसेस संपते. वर १२० सेकंदांचा टाइमआउट लावा. तुमचा स्वतःचा छोटा कर्नल एक्स८६ वर असेल तर आयएसए-डीबग-एक्झिट डिव्हाइस (क्यूईएमयू बंद करून एक्झिट कोड देणारं) जोडा. तिथे लिहिलेला आकडा दुप्पट होऊन त्यात १ मिळवला जातो, म्हणजे १६ लिहिलं की एक्झिट कोड ३३. शून्य कधीच येत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘पास’चा आकडा ३३ धरा. कन्सोलचं नावही बदलतं: एक्स८६ आणि रिस्क-व्हीवर टीटीवायएस०, आर्मच्या व्हर्ट मशीनवर टीटीवायएएमए०. हे चुकलं की स्क्रीन कोरी राहते आणि माणूस बूट कोडला दोष देत बसतो.

लॅपटॉपच्या कोअरपेक्षा जास्त व्हर्च्युअल कोअर दिले तर सॉफ्ट लॉकअपचे (कोअर अडकून बसल्याचे) खोटे इशारे येतात. स्पिनलॉक (बाकीच्यांना फिरत वाट पाहायला लावणारं कुलूप) धरलेला व्हर्च्युअल कोअर होस्टनेच म्हणजे लॅपटॉपनेच बाजूला काढलेला असतो, बाकीचे त्याची वाट बघत फिरत राहतात.

आता क्यूईएमयू जे दाखवतच नाही ते. एक कोअर बफर भरतो आणि मग ‘तयार’ फ्लॅग १ करतो. दुसरा कोअर फ्लॅग पाहून बफर वाचतो. एक्स८६ वर दोन लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात. आर्मवर ती उलटी दिसू शकतात, म्हणजे फ्लॅग १ आणि बफर जुनाच. एक्स८६ लॅपटॉपवर आर्मचं इम्युलेशन केलं तरी खाली चालतो एक्स८६च, त्यामुळे कितीही रन केले तरी ही चूक लपते. उपाय म्हणजे क्रम पक्का ठेवणाऱ्या सूचना: फ्लॅग स्टोअर-रिलीजने लिहायचा आणि लोड-अ‍ॅक्वायरने वाचायचा. कॅशचंही तसंच. क्यूईएमयू डेटा कॅश उभा करत नाही, म्हणून डीएमएआधी (डिव्हाइस प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वाचतं-लिहितं त्याआधी) कॅश सिंक करायला विसरलेला ड्रायव्हर तिथे छान चालतो आणि बोर्डावर शिळा डेटा देतो.

म्हणून शेवटची फेरी खऱ्या बोर्डावर. पाय ४ मध्ये चार कॉर्टेक्स-ए७२ कोअर आहेत. लिहिणारा आणि वाचणारा थ्रेड वेगवेगळ्या कोअरला बांधा आणि लाखो वेळा फिरवा. पायच्या कॉन्फिग.टीएक्सटी फाइलमध्ये एनेबल-यूएआरटी=१ लिहा, म्हणजे सिरियल कन्सोल चालू होतो. यूएसबी-टीटीएल केबलची ग्राउंड पिन ६ ला, आरएक्स पिन ८ ला, टीएक्स पिन १० ला, वेग ११५२००. केबल ३.३ व्होल्टचीच हवी, आणि तिची लाल वायर मोकळी सोडा.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत जंपर वायरच्या तोंडाशी हिरवट थर धरतो. सिरियलवर मधूनच कचरा अक्षरं येऊ लागली तर वेग आणि ग्राउंड तपासा, मग वायर बदला, कोडला त्यानंतरच हात लावा. बोर्ड काम नसताना सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात लाईट जाते-येते, तेव्हा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा आणि एसडी कार्डाऐवजी नेटवर्कवरून बूट करा, म्हणजे अर्धवट लेखनाने कार्ड बिघडत नाही. पॅनिकचा मजकूर न येता बोर्ड परत बूट झाला तर आधी वीजपुरवठ्याचा संशय घ्या. रनच्या शेवटी पायच्या व्हीसीजेनकमांड या कमांडने गेट-थ्रॉटल्ड विचारा. उत्तर हेक्स ५०००० आलं असेल, तर बूट झाल्यापासून व्होल्टेज कधीतरी पडलं होतं आणि प्रोसेसर मंदावला होता. तो निकाल टाकून द्या आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून पुन्हा चालवा.