गुडघ्याचं लिगामेंट दुसऱ्यांदा तुटलं? रिव्हिजनला, म्हणजे परतच्या ऑपरेशनला, जायच्या आधी हे करा

आमच्या खानापूर बाजूला कबड्डी जोरात आणि कुस्तीपण, त्यामुळं गुडघ्याला पट्टा बांधून फिरणारा एक तरी गल्लीत भेटतोच. माझा मावसभाऊ त्यातलाच. एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालं, दीड वर्षानं मॅटवर पाय फिरला आणि परत तेच, जिना उतरताना गुडघा सटकालाय. त्याच्यापायी बेळगाव, मिरज, कोल्हापूर सगळं पालथं घातलं, त्यात जे कळलं ते लिहितो. मी डॉक्टर नाही हां, डॉक्टरला काय विचारायचं तेवढं सांगतो.

पहिलं काम, जुन्या ऑपरेशनची नोट मिळवा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, ऑपरेशन नोट. कार्डावर नुसतं एसीएल केलं एवढंच असतंय, नवीन डॉक्टरला पाहिजे असतं ते म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी घालायला टेंडन (स्नायूची दोरी) कुठला घेतला, तो ओवायला हाडात बोगदा किती मिलिमीटरचा पाडला, स्क्रू टायटॅनियमचा का विरघळणारा, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) शिवला का कापून टाकला. आम्ही जुन्या दवाखान्यात गेलो तर रेकॉर्ड गोडाऊनला आहे, सोमवारी या. तीन सोमवार गेलो. शेवटी झेरॉक्स दिली, त्यात इम्प्लांटच्या स्टिकरच्या जागी नुसता काळा चौकोन. मग मावशीच्या ट्रंकेत, मेडिकलच्या बिलाच्या पाठीमागं चिकटवलेला खरा स्टिकर सापडला, स्क्रूचा साइझ, कंपनी, लॉट नंबर सगळं त्यावर. म्हणून सांगतो, पहिल्याच ऑपरेशनला स्टिकरचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा.

नॉर्वेत २००४ पासून गुडघ्याच्या लिगामेंटचं देशपातळीवर रजिस्टर आहे, डेन्मार्क-स्वीडनचं २००५ पासून, ब्रिटनचं २०१३ आणि न्यूझीलंडचं २०१४ ला सुरू झालं. कुठला टेंडन वापरला, परत ऑपरेशन लागलं का, हे त्यातनं कळतं. आपल्याकडं एका दवाखान्यातनं दुसरीकडं जाताना कामाला येते ती आपली पिशवीतली फाइल. पण त्या देशांचे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा, रजिस्टरमध्ये मोजला जातो तो परत टेबलावर गेलेला माणूस. गुडघा ढिला झाला म्हणून खेळच सोडून शेतीला लागलेला त्यात येतच नाही. म्हणून कुठल्या देशात रिव्हिजन कमी दिसली की तिथले सर्जन भारी असं लगेच समजू नका.

दुसरा प्रश्न, आता टेंडन कुठनं घेणार? अमेरिकेत रिव्हिजनला मयत दात्याचा टेंडन भरपूर वापरतात, पण तिथंच साधारण १२०० रिव्हिजन पेशंटांवर मोठा अभ्यास झाला, त्यात स्वतःचा टेंडन घातलेल्यांचं परत तुटायचं प्रमाण दात्याच्या टेंडनपेक्षा बरंच कमी निघालं. आपल्याकडं बहुतेक आपलाच टेंडन घेतात. मांडीच्या मागचा आधीच गेला असेल तर वाटीखालचा, वाटीवरचा, दुसऱ्या पायाचा, नाहीतर घोट्याजवळचा पेरोनियस. कुस्तीवाल्यानं घोट्याचं जरा विचारूनच घ्यावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिलं का तुटलं? हे न सांगता जो लगेच तारीख देतो त्याच्याकडनं उठून या. बोगदा चुकीच्या जागी असेल तर नवीन टेंडनपण तसाच जाणार. एमआरआयसोबत सीटी करून बोगदा किती रुंदावलाय ते मोजतात, फार मोठा झाला असेल तर आधी त्यात हाड भरतात आणि ४ ते ६ महिने थांबून मग लिगामेंट, म्हणजे ऑपरेशनं दोन, सुट्ट्या दोन, खर्च दोनदा. बाजूनं काढलेल्या एक्स-रेवर नडगीच्या हाडाचा वरचा उतारपण बघायला सांगा, तो जास्त तिरका असेल तर टेंडनवर सारखा ताण येतो. फ्रान्सकडचे सर्जन याकडं लई लक्ष देतात, गरज पडली तर हाड कापून उतार कमी करतात. ऑपरेशनमध्येच गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कातडीखाली आधाराची पट्टी लावायची पद्धतपण तिकडचीच जुनी. कॅनडाच्या पुढाकारानं २०२० ला आलेल्या ६१८ तरुण पेशंटांच्या अभ्यासात अशा पट्टीमुळं टेंडन तुटायचं प्रमाण ११ टक्क्यांवरनं ४ वर आलं. तो पहिल्या ऑपरेशनवरचा आहे, पण आमच्या डॉक्टरनं रिव्हिजनला पट्टी लावलीच.

पैशाचं म्हणाल तर योजना कर्नाटकची असो का महाराष्ट्राची, रिव्हिजन त्यात बसतं का ते अ‍ॅडमिट व्हायच्या आधी काउंटरवर विचारा. कन्नडमधला फॉर्म कळत नसला तर कळणारा माणूस सोबत न्या, अंदाजानं सही करू नका.

नंतरची घाई तर अजिबात नको. नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासात ९ महिन्यांपर्यंत खेळ जेवढा लांबवला, तेवढी दर महिन्याला परत दुखापत व्हायची शक्यता निम्म्यानं घटलेली दिसली, आणि तेही पहिल्या ऑपरेशनचं, रिव्हिजनला तर आमचे फिजिओ वर्षाची भाषा करालेत. मावसभाऊ आत्ता सातव्या महिन्यात आहे, रोज दसऱ्याच्या सामन्याचं विचारालाय. त्याचे बूट मी आमच्या माळ्यावर टाकलेत.