पहिला कॅमेरा ड्रोन घेताय? खोक्यावरच्या ‘४के’वर जाऊ नका, या चुका टाळा

माझ्या पहिल्या ड्रोनच्या खोक्यावर ‘४के’ एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं की बाकी काही वाचायची गरजच वाटली नाही. पहिल्या उड्डाणाचा व्हिडिओ घरी येऊन मोठ्या पडद्यावर लावला. झाडाची पानं वेगवेगळी दिसतच नव्हती. ओल्या कागदावर हिरवा रंग पसरावा तसा नुसता डाग. फाइलची माहिती उघडून पाहिली. रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, कागदोपत्री ४केच. पण एका मिनिटाच्या त्या व्हिडिओचा आकार जेमतेम ३० एमबी होता. डीजेआय कंपनीचा मिनी २ हा काही महागड्यांतला ड्रोन नव्हे, पण तो ४के शूट करताना सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत माहिती साठवतो. म्हणजे मिनिटाला सुमारे ७५० एमबी. तेवढा तपशील ३० एमबीत मावणं शक्यच नव्हतं.

यामागची युक्ती सोपी आहे. आत चित्र टिपणारा सेन्सर ७२०पीचा, म्हणजे १२८० बाय ७२०. त्याची रुंदी तिप्पट आणि उंची तिप्पट केली की बरोबर ३८४० बाय २१६० होतं. एका पिक्सेलचे नऊ झाले, पण माहिती त्या एकाचीच राहिली. तपशीलपत्रकात ‘इंटरपोलेटेड’ (ताणून मोठं केलेलं) हा शब्द दिसला, किंवा ‘फोटो ४के, व्हिडिओ ७२०पी’ असं बारीक अक्षरांत लिहिलेलं आढळलं, तर तो ड्रोन तिथेच बाजूला ठेवा. सेन्सरचा आकार कुठेच दिलेला नसेल तर तीही धोक्याची खूण समजा. १/२.३ इंचाचा सेन्सर आणि खरा २.७के (४केहून थोडा कमी) व्हिडिओ हे नवशिक्याला पुष्कळ झालं. ताणलेल्या ४केपेक्षा ते शंभर पटींनी बरं.

व्हिडिओ नेमका कुठे साठवला जातो, हेही घेण्याआधी विचारा. बऱ्याच स्वस्त ड्रोनमध्ये मेमरी कार्डाची सोयच नसते. चित्र वायफायने फोनवर येतं आणि फोनवरच रेकॉर्ड होतं. सिग्नल अडखळला की रेकॉर्डिंगही अडखळतं, आणि गेलेली फ्रेम परत मिळत नाही. २०१८ साली आलेला रायझ टेलो याच पद्धतीचा. वजन ८० ग्रॅम, व्हिडिओ ७२०पी, तोही फोनवर. उडवायला शिकण्यासाठी तो फार गुणी ड्रोन आहे, मी आजही त्याचं कौतुकच करीन. पण ज्याला जपून ठेवण्यासारखे व्हिडिओ हवेत, त्याने कार्ड ड्रोनच्या अंगात बसतं की नाही हे आधी बघावं.

आता कुणी सल्ला विचारला की मी कॅमेऱ्यापासून सुरुवातच करत नाही. आधी एकच विचारतो, हा ड्रोन हवेत एका जागी उभा राहतो का? थरथरत्या हातात कितीही चांगला कॅमेरा दिला तरी चित्र हलणारच, आणि इथे कॅमेरा धरणारा हात म्हणजे ड्रोनच.

‘गिंबल’ म्हटलं की गिंबल असतोच असं नाही

ड्रोन पुढे जाताना पुढे झुकतो, थांबताना मागे कलतो, वारा आला की बाजूला डोलतो. कॅमेरा अंगालाच घट्ट बसवलेला असेल तर चित्रही तसंच झुकतं आणि डोलतं. खऱ्या गिंबलमध्ये छोट्या मोटरी असतात आणि त्या सेकंदासेकंदाला कॅमेरा उलट दिशेने वळवून क्षितिज सरळ ठेवतात. तीन अक्षांचा गिंबल वर-खाली, डावी-उजवी आणि कलणं, असे तिन्ही झोके पचवतो. २०१९च्या डीजेआय मॅव्हिक मिनीपासून २४९ ग्रॅमच्या ड्रोनमध्येही तो मिळू लागला, आणि माझ्या मते नवशिक्यांसाठी खरा बदल तिथून झाला.

स्वस्त ड्रोनच्या वर्णनात ‘ईएससी कॅमेरा’ किंवा ‘९० अंश ॲडजस्टेबल’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की रिमोटवरून कॅमेरा वर-खाली करता येतो. झोके तो आवरत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात, कारण फोटोत तो हुबेहूब गिंबलसारखा दिसतो.

मधला पर्याय ईआयएसचा, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्र स्थिर करण्याचा. चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेला भाग जागेवर धरला जातो. भर उजेडात हे चांगलं चालतं, आणि खिसा बघून घ्यायचा असेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. पण संध्याकाळी शटर मंदावतं, तेव्हा प्रत्येक फ्रेमच आतून फिसकटलेली असते. ती सॉफ्टवेअरला सुधारता येत नाही. सूर्यास्ताचे व्हिडिओ डोळ्यांसमोर असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

पारख करायची असेल तर कंपनीची जाहिरात बघू नका. त्याच मॉडेलचं, वापरणाऱ्याने स्वतः घेतलेलं, कापाकापी न केलेलं फुटेज शोधा आणि ड्रोन वेगात येऊन थांबतो त्या क्षणी क्षितिजाची रेष बघा. रेष तशीच राहिली तर गिंबल खरा. होडीसारखी डुलली तर नाव काहीही असो, गिंबल नाही.

जीपीएस नसेल तर ‘परत ये’ बटणावर विसंबू नका

बिनजीपीएसचे ड्रोन दोन गोष्टींवर तरंगतात. उंची धरायला हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, आणि जागा धरायला पोटाखालचा छोटा कॅमेरा. हा कॅमेरा जमिनीवरचं गवत, फरशीच्या रेषा असल्या खुणा ओळखून ‘मी सरकलो का’ हे ठरवतो. याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. खोलीत ते छान जमतं. पण पाण्यावर, एकरंगी गुळगुळीत जमिनीवर, अंधारात किंवा फार वर गेल्यावर त्याला खुणाच सापडत नाहीत, आणि वारा नेईल तिकडे ड्रोन निघतो.

अशा खेळण्यांतल्या ड्रोनवरही ‘वन की रिटर्न’चं, म्हणजे एका दाबात परत बोलावण्याचं बटण असतं. आपण कुठून उडालो हे त्या ड्रोनला ठाऊकच नसतं. उडताना त्याचं तोंड जिकडे होतं त्याच्या उलट दिशेने तो चालू लागतो, एवढंच. मधल्या वेळेत तुम्ही त्याला बाजूला नेलेलं असेल तर तो तुमच्याकडे येत नाही, तुमच्याशी समांतर निघून जातो. मी एक ड्रोन अगदी असाच कुंपणापलीकडे जाताना बघितला आहे. बटण दाबणारा मुलगा पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत होता आणि ड्रोन दर वेळी आणखी लांब जात होता.

जीपीएस असलेला ड्रोन घेतला तरी दोन चुका उरतात. पहिली घाईची. ड्रोन चालू केल्यावर पुरेसे उपग्रह सापडून होम पॉइंट, म्हणजे परतीची जागा, नोंदली जायला थोडा वेळ लागतो. ॲप तसं सांगतं. त्याआधीच उडवलं तर परतीची जागा नोंदलेलीच नसते, किंवा उपग्रह मधल्या वाटेत सापडतात आणि भलतीच जागा ‘घर’ होऊन बसते. उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबा.

दुसरी चूक परतीच्या उंचीची, आणि ती जास्त महाग पडते. रिटर्न टू होम, म्हणजे आपोआप घरी परतणं, सुरू झालं की ड्रोन सहसा आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत घरी येतो. परवडणाऱ्या ड्रोनना समोरचा अडथळा बहुधा दिसत नाही. उंची २० मीटर ठेवलेली आणि वाटेत २५ मीटरचं झाड, तर तो शांतपणे झाडात शिरतो. दर ठिकाणी पोचल्यावर आजूबाजूची सगळ्यात उंच गोष्ट बघा आणि तिच्याहून दहा-पंधरा मीटर जास्त उंची ॲपमध्ये टाका. झाडाखालून किंवा छपराखालून उडवत असाल तर उलटा विचार करावा लागतो. तिथे सिग्नल तुटला आणि ड्रोन वर चढला, तर वरच्या फांदीवर किंवा छपरावरच आदळेल.

मोटर, बॅटरी, अंतर, वजन

‘ब्रशलेस’ मोटर आहे का, एवढं एकच बघा. ब्रशच्या मोटरी काही तासांच्या उड्डाणात झिजतात आणि वाऱ्यात त्यांचा जोर पुरत नाही. ब्रशलेस वर्षानुवर्षं चालते.

उड्डाणाची मिनिटं वारा नसलेल्या हवेत, जवळपास पूर्ण बॅटरी संपवून मोजलेली असतात. ३१ मिनिटं लिहिली असतील तर वीस-बावीस हाताशी धरा, कारण २५-३० टक्के बॅटरी उरली असताना ड्रोन खाली असायला हवा. म्हणून बजेट ठरवताना ड्रोन आणि किमान एक जादा बॅटरी असा मिळून विचार करा. जादा बॅटरी बाजारात मिळतच नसेल तर तो ड्रोन किती दिवस साथ देईल हे वेगळं सांगायला नको. सुटी पातीही मिळतात का ते बघा, पाती तुटणारच.

अंतराचे आकडे सोडून द्या. दहा किलोमीटर वगैरे आकडे मोकळ्या माळावर, कुठलाही दुसरा सिग्नल नसताना मोजलेले असतात, आणि बहुतेक देशांत ड्रोन नजरेआड नेण्याची परवानगीच नसते. २४९ ग्रॅमचा ड्रोन शे-दीडशे मीटरवर ठिपका होतो.

वजनाचा आकडा मात्र मनावर घ्या. अनेक देशांत नोंदणी आणि परवान्याचे नियम २५० ग्रॅमपासून कडक होतात, म्हणूनच इतके ड्रोन २४९ ग्रॅमवर थांबलेले दिसतात. पात्यांभोवती गार्ड बसवले किंवा मोठी बॅटरी घातली की तोच ड्रोन मर्यादा ओलांडतो. नियम पैसे देण्याआधी वाचा. वजन कमी असलं तरी विमानतळाजवळ किंवा गर्दीच्या डोक्यावर उडवायची सूट सहसा मिळत नाही.

वाऱ्याबद्दल एक सवय आत्ताच लावून घ्या. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा पाठीशी घ्या. उलटं केलं तर जाताना ड्रोन भुर्रकन जातो, आणि परतताना निम्मी बॅटरी वाऱ्याशी झगडण्यातच संपते. तपशीलपत्रकात वाऱ्यापुढे लिहिलेलं ‘लेव्हल ५’ म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १०.७ मीटर वारा. तेवढा वारा सोसण्याची ती कमाल आहे, रोज त्यात उडवण्याची शिफारस नव्हे. जमिनीवर झुळूक असेल तेव्हा पन्नास मीटरवर चांगला वारा असतो, हेही विसरू नका.

ड्रोन बिघडला असं वाटतं तेव्हा

उडताक्षणी ड्रोन एका बाजूला उलटतो, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. दहांतल्या नऊ वेळा पाती चुकीच्या मोटरवर बसवलेली असतात. चारपैकी दोन मोटरी घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट, तिरक्या समोरच्या दोघी एका दिशेने. म्हणून पातीही दोन प्रकारची. त्यांवर ए आणि बी अशी अक्षरं किंवा पांढरी खूण असते, ती मोटरवरच्या खुणेशी जुळवा. खूण पुसली असेल तर पातं डोळ्यांसमोर आडवं धरा. त्याची एक कड उंच असते, आणि मोटर फिरते त्या दिशेला ती उंच कड पुढे हवी. ड्रोन परत करायला निघालेल्या एका मित्राची पाती मी अशीच अदलून दिली, आणि त्याच संध्याकाळी त्याने पहिला व्हिडिओ पाठवला.

हात न लावता ड्रोन हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर तो सपाट जागी ठेवून जायरो किंवा आयएमयू (तोल आणि कल ओळखणारे सेन्सर) ॲपमधून कॅलिब्रेट करा, म्हणजे त्यांना ‘सपाट’ म्हणजे काय ते नव्याने शिकवा. हातात धरून किंवा गवतावर केलं तर ती तिरकी जागाच त्याला सपाट वाटू लागते. जागेवर न थांबता गोल घिरट्या घालत असेल आणि घिरटी मोठी होत असेल तर दोष होकायंत्राचा. गाडीपासून, लोखंडी जाळीपासून आणि गच्चीपासून दूर जाऊन होकायंत्र कॅलिब्रेट करा. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळ्या असतात, आणि बहुतेक नवशिके पहिलं उड्डाण तिथूनच करतात.

व्हिडिओत इमारतीच्या कडा जेलीसारख्या थरथरताना दिसल्या तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी पात्यांच्या कडेवरून नख फिरवा. तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला असला तरी ती मोटर हादरे देते. पातं सरळ बदला, घासून सारखं करू नका. रेकॉर्डिंग मध्येच थांबत असेल तर कार्ड मंद आहे. यू३ किंवा व्ही३० ही वेगाची खूण असलेलं कार्ड घ्या आणि ते ड्रोनमध्येच फॉरमॅट करा.

बॅटरी अचानक कमी वेळ देऊ लागली तर ती कशी ठेवलीत ते आठवा. पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे पडू दिलेली लिथियम पॉलिमर बॅटरी लवकर मरते. ठेवायची तर निम्म्याच्या आसपास भरून ठेवा. उड्डाणानंतर गरम असताना चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा उडवायची नाही, पोटाला नुसता उंचवटा दिसला तरी नाही.

वापरलेला ड्रोन घेताना

कमी पैशांत खरा गिंबल आणि जीपीएस हवं असेल तर नव्या खेळण्यापेक्षा जुना पण चांगल्या घरातला ड्रोन मी कधीही घेईन. फक्त समोर उभं राहून तपासा. बॅटरी किती वेळा चार्ज झाली ते ॲपमध्ये दिसत असेल तर बघा. ड्रोन सपाट जागी चालू करा आणि कॅमेऱ्याकडे नजर ठेवा. गिंबल एकदा सगळीकडे फिरून शांत स्थिर झाला पाहिजे. तो थरथरत राहिला, तिरका थांबला किंवा ‘गिंबल ओव्हरलोड’ची सूचना आली, तर ड्रोन बहुधा कधीतरी जोरात पडलेला आहे. छातीच्या उंचीवर दोन मिनिटं तरंगत ठेवा, रिमोट सोडून द्या, आणि तो जागा धरतो का बघा. सगळं नीट वाटलं की विकणाऱ्याला त्याच्या फोनवरून ड्रोन स्वतःच्या खात्यातून काढायला सांगा आणि तुमच्या फोनवर जोडून एकदा उडवा. पैसे त्यानंतर द्या.