टॅपेट कव्हर घरी रंगवताय? या चुका टाळा

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण. ते उतरवायच्या आधी त्यावर नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर धातू, ठप्प आवाज आला तर प्लास्टिक. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हे कव्हर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असतं. त्यावर रंग नीट धरत नाही, आणि रंग पक्का करायला तापवलं तर बसायची कड वाकते. मग नवं पॅकिंग (कडेचं रबरी गॅस्केट) घालूनही ऑइल गळत राहतं. प्लास्टिकचं कव्हर असेल तर धुऊन पुसून परत बसवा, रंगाच्या वाटेला जाऊ नका. खालचं सगळं ॲल्युमिनियमच्या ओतीव कव्हरसाठी आहे.

६०० अंशांचा डबा

सगळ्यात जास्त होणारी चूक दुकानातच होते. इंजिन तापतं, म्हणून जास्तीत जास्त तापमान लिहिलेला स्प्रे उचलला जातो, आणि तो बहुधा सायलेन्सरचा निघतो. हा सिलिकॉन रंग साधारण २०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय खऱ्या अर्थाने पक्का होत नाही. टॅपेट कव्हर १०० अंशांच्या आसपास राहतं. एक्झॉस्टकडची बाजू थोडी जास्त तापते, एवढंच. म्हणजे तो रंग कायम कच्चाच राहतो. वरून सुकलेला दिसतो, पण नखाने निघतो आणि ऑइल भरताना चार थेंब सांडले की तिथे मऊ पडतो. हवा तो 'इंजिन इनॅमल', साधारण १५० ते ३०० अंशांपर्यंतचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात मागताना 'सायलेन्सरचा नको, इंजिन ब्लॉकचा द्या' असं स्पष्ट सांगा आणि डब्यावरची पक्कं करण्याची सूचना तिथेच वाचा. चार सिलिंडरच्या एका कव्हरला ४०० मिलीचा एक डबा पुरतो.

लोखंडी ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड इथे चालत नाही. ॲल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून धरणारा अस्तराचा रंग लागतो, तोही पातळ. ओतकामातले खड्डे बॉडीच्या पुट्टीने भरू नका. तापून-थंडावून ती तडकते आणि वरचा रंगही सोबत नेते.

धुणं: खरं काम इथे आहे

जुन्या कव्हरच्या ओतकामात वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. वरून पुसून ते जात नाही. इंजिन तापलं की ते आतून घामासारखं फुटतं आणि रंगाला फोड येतात. आधी रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने चिकटा काढा. बरेच जण इथेच थांबतात, पण रॉकेल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं. म्हणून पुढे गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोनदा. नीट वाळवून हीट गनने कव्हर सगळीकडून तापवा, फुटलेलं ऑइल कोरड्या फडक्याने टिपा, थंड होऊ द्या आणि मगच थिनरने पुसा. गरम कव्हरवर थिनर म्हणजे आगीला आमंत्रण. फडक्यावर पिवळट डाग यायचे थांबेपर्यंत हे सगळं पुन्हा पुन्हा करा.

झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. वरून पाणी ओता. सलग पातळ पडदा बनून वाहिलं तर कव्हर स्वच्छ. अळवाच्या पानावर व्हावेत तसे थेंब झाले तर तेल अजून आहे.

कॉस्टिक सोडा आणि नळी साफ करायची पावडर ॲल्युमिनियमवर कधीच नको: धातू खाल्ला जातो, काळा पडतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. संडास साफ करायचं ॲसिडही नको. काही मोजक्या गाड्यांचं कव्हर मॅग्नेशियमचं असतं, त्याचं तर ॲसिडने वाटोळंच होतं.

जुना रंग काढायला साकीनाक्याच्या किंवा वसईच्या गाळ्यात ब्लास्टिंगला (हवेच्या दाबाने वाळू मारून घासायला) देणार असाल तर आधी कव्हर उलटं करा. आत पत्र्याची एक झाकणी असते, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या पाइपच्या) वाटेने ऑइल बाहेर पडू नये म्हणून. वाळू किंवा काचेचे मणी तिच्या मागे अडकतात, कितीही हवा मारली तरी सगळे निघत नाहीत, आणि इंजिन चालू झालं की ऑइलमधून थेट बेअरिंगपर्यंत पोचतात. रंगाच्या हौसेपायी इंजिन खोलायची वेळ येते. झाकणी स्क्रूची असेल तर काढून द्या. रिव्हेटची असेल तर ब्लास्टिंग विसरा. १८० चा आणि मग ३२० चा वॉटर पेपर घेऊन हातानेच घासा. ४०० च्या पुढे गुळगुळीत करू नका, रंगाला धरायला खरखर लागते.

पाऊस, एसी आणि न दिसणारं दव

जुलैत हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपासच्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं. एसीच्या खोलीत २४ अंशांवर ठेवलेलं कव्हर बाल्कनीत आणलं की त्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, आणि रंग त्याच्यावर जातो. शिवाय स्प्रेतला द्रव उडताना पृष्ठभाग आणखी थंड करतो. पांढरट झाक आली किंवा रंग चादरीसारखा सुटला, तर कारण हेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ. पावसाळ्यातच करायचं असेल तर हेअर ड्रायरने कव्हर हाताला कोमट लागेल इतकं, साधारण ४० अंश, तापवून लगेच मारा. मे महिन्याच्या दुपारी उलटा प्रकार होतो: रंग हवेतच सुकतो आणि कव्हरवर धुळीसारखा खरखरीत बसतो.

मारायचं २५ ते ३० सेंटीमीटरवरून, तीन-चार पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. पहिल्या हातात धातू झाकला गेलाच पाहिजे असा हट्ट धरला की ओघळ येतात. सुरकुत्यांचा रंग (सुकताना मुद्दाम सुरकुत्या पडणारा 'रिंकल' पेंट) याला अपवाद आहे, त्याला जाड थरच लागतो. पण त्या सुरकुत्यांत मुंबईची धूळ अशी बसते की पुन्हा निघत नाही. करडा किंवा चंदेरी घ्या, गळती लगेच दिसते. रंगात बारीक खड्डे पडले तर जवळपास डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश उडालेलं असतं. तो थर पूर्ण काढावा लागतो, वरून मारून झाकत नाही.

बंद खोलीत किंवा गॅसच्या शेगडीजवळ स्प्रे नको, कॅनमधला दाबाचा वायू पेट घेतो. साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. आणि कव्हर भाजायला स्वयंपाकाचा ओटीजी वापरू नका, त्यात पुन्हा पाव भाजायचे असतात.

टेप कुठे लावायची

पॅकिंगची खाच, आतली पूर्ण बाजू, स्पार्क प्लगच्या भोकांच्या कडा, ऑइल झाकणाचे आटे, आणि अर्थची वायर येते तो बोल्टचा पृष्ठभाग. पॅकिंगच्या खाचेत रंग गेला की तो दबून सुटतो आणि गळती सुरू. शेवटचा हात थोडा ओला असतानाच टेप काढा, नाहीतर कडा फाटतात.

कव्हर बाहेर असताना इंजिन स्वच्छ प्लास्टिकने बांधून ठेवा आणि प्लग जागेवरच राहू द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन रात्री उघडं इंजिन म्हणजे उंदरांना आयतं घर.

बसवताना

२४ तास थांबा, दमट दिवसांत ४८. पॅकिंग आणि प्लग ट्यूबचे सील नवे घाला. टायमिंग कव्हर (इंजिनच्या पुढचं टायमिंगचं झाकण) सिलिंडर हेडला मिळतं त्या कोपऱ्यांवर आरटीव्ही सिलिकॉनचा (फट बुजवणाऱ्या पेस्टचा) मटाराएवढा ठिपका पुरतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळा. बहुतेक गाड्यांत हा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फक्त १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे निघतात.

पहिल्यांदा १५ मिनिटं आयडलवर चालवा, पूर्ण थंड करा, मग अर्धा तास. आयडल वरखाली होत असेल तर ब्रीदरचा पाइप बघा. इंजिन मिस मारत असेल तर कॉइलचा कनेक्टर. पहिल्या एक-दोन वेळा रंगाचा वास येणारच. मात्र एक्झॉस्टच्या बाजूने निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास आला तर इंजिन बंद करा, थंड झाल्यावर कव्हरच्या कडेखाली पांढरा कागद फिरवा. कागद तेलकट झाला तर ती गळती आहे, कव्हर पुन्हा उतरवून खाच तपासावी लागेल.