कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवरील प्रस्ताव कसे वाचावेत

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन पहिल्यांदा मतदान करणाऱ्या मराठी माणसाच्या हाती कॅलिफोर्नियाची मतपत्रिका पडते, तेव्हा उमेदवारांच्या नावांपेक्षा त्यांच्यानंतर येणारी प्रस्तावांची यादीच त्याला अधिक दमवते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारापुढे राज्याचे १० आणि शहराचे १५ असे २५ प्रश्न होते आणि प्रत्येकाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येत होते. आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मागणीवरून मतदान होते, त्या मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली छापलेली असते. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, हे निरक्षर आजीलाही सांगावे लागत नाही. कॅलिफोर्नियात असे चित्र नसते. ‘होय’ म्हटल्याने बाटली उभी राहणार की आडवी होणार, हे मजकुरातून शोधून काढावे लागते, आणि खरे काम तेवढेच असते.

कोणाचा सल्ला ऐकावा, हे आधी ठरवावे. अमेरिकेत देशपातळीवर सार्वमत नाही. जे आहे ते राज्यांचे आणि गावांचे. नागरिकांनी कायदा मांडण्याची ही पद्धत साउथ डकोटाने १८९८ मध्ये प्रथम स्वीकारली. कॅलिफोर्नियात ती १९११ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात आली, कारण विधिमंडळ सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या मुठीत असल्याची लोकांची तक्रार होती. आज जवळपास निम्म्या राज्यांत सह्या गोळा करून नागरिकांना राज्याचा कायदा मांडता येतो, पण नियम सगळीकडे सारखे नाहीत. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला ६० टक्के मते लागतात, त्यामुळे २०२४ मध्ये तिथला गर्भपाताच्या हक्काचा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मते मिळवूनही पडला. नेवाडात नागरिकांनी मांडलेली घटनादुरुस्ती दोन वेगवेगळ्या निवडणुकांत मंजूर व्हावी लागते. न्यू जर्सीत तर नागरिकांना असा राज्यव्यापी प्रस्ताव मांडताच येत नाही, म्हणून तिथल्या एडिसन गावात राहणाऱ्या मामांनी फोनवर कितीही आत्मविश्वासाने मार्गदर्शन केले, तरी या बाबतीत ते बाजूला ठेवलेले बरे.

मतपत्रिका उघडल्यावर प्रस्तावाची जात ओळखावी. क्रमांक असेल तर तो राज्याचा प्रस्ताव, ज्याला सगळे ‘प्रॉप’ म्हणतात. इंग्रजी अक्षर असेल तर तो काऊंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), शहराचा किंवा शाळा-जिल्ह्याचा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था). राज्याच्या प्रस्तावांपैकी काही विधिमंडळाने पाठवलेले असतात. घटनादुरुस्ती आणि राज्याचे मोठे कर्जरोखे यांना मतदारांची संमती घ्यावीच लागते. उरलेले सह्यांच्या बळावर येतात. साध्या कायद्यासाठी मागील गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के आणि घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या निवडणुकीनंतर हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ झाले. एवढ्या सह्या १८० दिवसांत गोळा करायच्या म्हणजे पैसे देऊन माणसे नेमणे आलेच. दुकानाबाहेर कागद घेऊन उभा असलेला तरुण बहुधा कार्यकर्ता नसून रोजंदारीवरचा माणूस असतो, हे लक्षात ठेवून कागदाचा वरचा भाग वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये.

सर्वांत जास्त चुका ज्या प्रकारात होत असत, तो मात्र निराळाच आहे. विधिमंडळाने केलेला कायदा अडवण्यासाठी विरोधक सह्या गोळा करतात, तेव्हा २०२३ पर्यंत मतदारांना ‘कायदा रद्द करायचा का?’ असे विचारले जात नसे. ‘कायदा ठेवायचा का?’ असे विचारले जाई. त्यामुळे ज्यांनी धडपड करून प्रश्न मतपत्रिकेवर आणला, तेच ‘नाही’चा प्रचार करत असत. २०२३ च्या कायद्याने अशा प्रश्नांसाठी ‘होय’-‘नाही’ऐवजी ‘कायदा ठेवा’ आणि ‘कायदा रद्द करा’ असे पर्याय आणले. २०१४ मध्ये राज्याने किराणा दुकानांतल्या एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांनी सह्या जमवून ती रोखली आणि २०१६ मध्ये प्रश्न प्रॉप ६७ म्हणून लोकांपुढे आला. इथे ‘होय’ म्हणजे बंदी कायम, ‘नाही’ म्हणजे बंदी रद्द. त्याच मतपत्रिकेवर त्याच उद्योगाच्या पाठिंब्याने प्रॉप ६५ ही होता. कागदी पिशव्यांसाठी ग्राहकाकडून घेतलेले पैसे दुकानदाराकडे न राहता पर्यावरण निधीत जावेत, असे त्याचे गोड स्वरूप होते. पर्यावरणाचे नाव पाहून दोन्हींवर ‘होय’ म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक होते, पण मतदारांनी ६७ मंजूर करून ६५ पाडला.

मतदार माहिती पुस्तिका घरी टपालाने येते आणि ती हिंदीतही मागवता येते. ती पहिल्या पानापासून वाचायला बसू नये. प्रस्तावाचे शीर्षक आणि सारांश ॲटर्नी जनरलचे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचे, कार्यालय लिहिते, आणि ॲटर्नी जनरल हा स्वतः एका पक्षातर्फे निवडून आलेला राजकारणी असतो. शीर्षकातल्या एकेका शब्दावरून न्यायालयात भांडणे होतात, ती उगाच नव्हेत. म्हणून सुरुवात लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टच्या, म्हणजे विधिमंडळाच्या विश्लेषकाच्या, विश्लेषणापासून करावी. हे कार्यालय पक्षनिरपेक्ष आहे. सध्या कायदा काय आहे, प्रस्तावाने त्यात काय बदलेल आणि सरकारी तिजोरीवर त्याचा काय भार पडेल, एवढेच ते सांगते. त्यानंतर ‘होय’ मताचा अर्थ आणि ‘नाही’ मताचा अर्थ सांगणारी दोन वाक्ये वाचावीत. बाटलीचे चित्र हेच. बाजूने आणि विरोधात केलेले युक्तिवाद शेवटी वाचावेत, कारण त्यांतल्या विधानांची कोणत्याही सरकारी यंत्रणेने पडताळणी केलेली नाही, असे त्याच पानावर छापलेले असते. पुस्तिकेच्या शेवटी कायद्याचा मूळ मजकूर असतो. त्यात खोडलेले शब्द जाणार असतात आणि तिरप्या अक्षरांतले नव्याने येणार असतात. सगळा वाचवत नसेल, तर निदान ही तिरपी अक्षरे चाळावीत.

कर्जरोख्यांच्या प्रस्तावात गुणाकार स्वतः करावा. २०२४ चा प्रॉप २ शाळांच्या इमारतींसाठी १० अब्ज डॉलरचा होता. विश्लेषकाच्या अंदाजानुसार परतफेड वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर, ३५ वर्षे. म्हणजे व्याजासकट साडेसतरा अब्ज. यावरून प्रस्ताव वाईट ठरत नाही, घरही आपण कर्ज काढूनच घेतो. पण शीर्षकातला आकडा म्हणजे मुद्दल, हे ध्यानात असावे. राज्याचे असे कर्ज सर्वसाधारण महसुलातून फेडले जाते. शाळा-जिल्ह्याचे कर्ज मात्र थेट घरपट्टीत दिसते, आणि काऊंटीच्या पुस्तिकेत मूल्यांकनाच्या दर एक लाख डॉलरमागे किती डॉलर ते दिलेले असते. हा दर ६० डॉलर असेल आणि घराचे मूल्यांकन आठ लाख असेल, तर वर्षाला ४८० डॉलर वाढतील. इथे मूल्यांकन म्हणजे बाजारभाव नव्हे. १९७८ च्या प्रॉप १३ मुळे मूळ घरपट्टी मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर रोखली गेली आणि घर विकले जात नाही तोपर्यंत मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही; त्यामुळे शेजारी तीस वर्षांपासून राहत असेल, तर तेवढ्याच घरावर त्याच्या वाट्याला बराच कमी भार येतो. अशा बहुतेक शालेय कर्जरोख्यांना ५५ टक्के मते पुरतात, तर शहराच्या तशाच कर्जाला दोन-तृतीयांश लागतात. त्यामुळे अशा ठिकाणी ‘नाही’च्या एका मताचे वजन ‘होय’च्या एका मतापेक्षा जास्त असते.

पैसा कोणाचा, हे जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेले असते. २०२४ चा प्रॉप ३४ वरवर पाहता रुग्णांच्या हिताचा होता: काही आरोग्यसंस्थांनी औषधांच्या सवलतीतून मिळणारे उत्पन्न थेट उपचारांवरच खर्च करावे. पण अटी इतक्या नेमक्या होत्या की त्या प्रत्यक्षात एड्स हेल्थकेअर फाउंडेशन या एकाच संस्थेवर रोखलेल्या दिसत होत्या. ही संस्था भाडेनियंत्रणाचे प्रस्ताव पुन:पुन्हा आणत होती, त्या वर्षीचा प्रॉप ३३ ही तिचाच होता, आणि ३४ मागचा मुख्य पैसा घरमालकांच्या संघटनेचा होता. ३३ पडला, ३४ थोडक्या मतांनी मंजूर झाला.

इतके करूनही मन ठरत नसेल, तर सह्यांवर आलेल्या प्रस्तावाला मी ‘नाही’ म्हणतो. मतदारांनी मंजूर केलेला कायदा विधिमंडळाला सहसा परस्पर बदलता येत नाही, बदलायची मुभा प्रस्तावातच दिलेली असावी लागते. ॲपवरून चालणाऱ्या टॅक्सीचालकांविषयीच्या २०२० च्या प्रॉप २२ ने ती दिली, पण सात-अष्टमांश बहुमताच्या अटीवर. उलट ‘नाही’ म्हटलेला विषय परत येऊ शकतो: डायलिसिस केंद्रांवरचा प्रस्ताव २०१८, २०२० आणि २०२२ असा तीनदा आला आणि तिन्ही वेळा पडला. विधिमंडळाचा कायदा ठेवण्याबद्दलचा प्रश्न असेल, तर हा नियम लागू करू नये, कारण तिथे ‘कायदा रद्द करा’ या मतानेच बदल होतो. आणि एखादा प्रश्न सोडून दिला म्हणून मतपत्रिका बाद होत नाही. भरलेली बाकीची उत्तरे मोजली जातात.

मतपत्रिका प्रत्येक सक्रिय नोंदणीकृत मतदाराला निवडणुकीच्या सुमारे महिनाभर आधी पाठवली जाते. ग्रीन कार्ड असलेल्यांनी मतदार नोंदणीचा अर्ज चुकूनही भरू नये. नागरिक नसताना राज्याच्या निवडणुकीत मत देणे हा गुन्हा आहे आणि पुढे नागरिकत्वाच्या वेळी तो आड येतो. नमुना मतपत्रिकेवर आधी पेन्सिलीने उत्तरे लिहून मगच खरी भरावी. पाकिटाला तिकीट लागत नाही, पण त्यावर मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का हवा. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते, आणि आपल्यापैकी ज्यांची सही कधी देवनागरी, कधी इंग्रजी असते, त्यांनी नोंदणीच्या वेळी कोणती केली होती ते आठवून तीच करावी. ती जुळली नाही तर काऊंटीकडून पत्र येते. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून न देता दिलेल्या मुदतीत उत्तर पाठवावे.