समुद्री माशांचा आजार: गोड्या पाण्याचा डिप आणि क्वारंटाइन टँक

समुद्री टँकमधल्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की बहुतेकांचा पहिला हात गोड्या पाण्याच्या बादलीकडे जातो. पाच मिनिटांचा डिप दिला, म्हणजे तेवढा वेळ त्या पाण्यात बुडवून ठेवला, मासा थोडा ताजातवाना दिसला, की त्याला पुन्हा त्याच टँकमध्ये सोडले जाते आणि आठवड्याभरात ठिपके दुपटीने परत येतात. मीही सुरुवातीची दोन वर्षे हेच करत होतो. डिपने माशाला उसंत मिळते आणि काही वेळा रोगाची ओळख पटते, पण प्रत्यक्ष उपचार होतो तो क्वारंटाइन टँकमध्येच, म्हणजे आजारी किंवा नव्या माशाला वेगळे ठेवण्याच्या टँकमध्ये, आणि तो टँक मासा आजारी पडण्याआधी तयार असावा लागतो.

आधी रोग ओळखावा. अंगावर आणि परांवर रव्याच्या कणांसारखे सुटे ठिपके असतील तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे आपण ज्याला मरीन इक म्हणतो तो परजीवी असतो. ठिपके त्याहून बारीक, पिठाची धूळ बसल्यासारखे असतील, मासा उजेड टाळत असेल आणि पाण्याच्या धारेपाशी उभा राहून जोरजोरात कल्ले हलवत असेल, तर व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगाचा संशय धरावा. हा रोग दोन-तीन दिवसांत अख्खा टँक रिकामा करू शकतो. क्लाऊनफिशच्या अंगावरून सायीसारखा चिकट थर सुटत असेल तर तो ब्रुकलिनेला या परजीवीचा रोग होय, आणि तोही तितकाच घाईचा रोग आहे. डोळे धुरकट होणे आणि दगडावर अंग घासणे ही फ्लूक, म्हणजे चपट्या कृमींची खूण असू शकते. मासा निरोगी असतानाच तो मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो हे मोजून लिहून ठेवावे. आजारपणात तुलनेला तोच आकडा कामी येतो.

डिपसाठी आठ-दहा लिटरची गडद रंगाची स्वच्छ बादली आणि आरओचे (फिल्टरने क्षार काढलेले) पाणी घ्यावे. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास त्यातले क्लोरीन आधी काढलेच पाहिजे. पाण्यात एअर स्टोन सोडून ते तासभर खेळते ठेवावे, तापमान टँकच्या पाण्याशी तंतोतंत जुळवावे आणि खाण्याचा सोडा थोडा थोडा घालून पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) टँकइतका, साधारण ८.१ ते ८.३ करावा. हे जुळवणे चुकले तर माशाला परजीवीपेक्षा डिपचाच त्रास अधिक होतो. मासा सोडल्यावर पहिले अर्धे मिनिट तो घाबरून धडपडतो किंवा आडवा पडतो, त्याने दचकू नये. मात्र बोट लावूनही तो हालला नाही किंवा तोल सावरेनासा झाला, तर घड्याळ न पाहता लगेच बाहेर काढावे. एरवी तीन ते पाच मिनिटे पुरतात.

बादली गडद घ्यायची ती फ्लूक दिसावेत म्हणून. खाऱ्या पाण्यात ते जवळजवळ पारदर्शक असतात. गोड्या पाण्यात पांढरे पडून तिळासारखे तळाशी गळतात. तसे दिसल्यास निदान झालेच, परंतु कृमींची अंडी टँकमध्ये शिल्लक असतात आणि त्यांना डिपने काही होत नाही. त्यासाठी क्वारंटाइन टँकमध्ये लिटरला २.५ मिलिग्रॅम या प्रमाणात प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक द्यावे आणि साधारण आठवड्याने दुसरा डोस द्यावा. मरीन इकच्या बाबतीत डिप जवळपास निरुपयोगी ठरतो, कारण तो परजीवी त्वचेच्या आत शिरून बसतो आणि गोडे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ब्रुकलिनेलावर फॉर्मलिनचा डिप चालतो: दहा लिटर खाऱ्या पाण्यात ३७ टक्क्यांचे फॉर्मलिन दीड मिलिलिटरहून अधिक नको, आणि अर्धा ते एक तास भरपूर हवा सुरू ठेवावी, कारण फॉर्मलिन पाण्यातला प्राणवायू खाते. हातमोजे घालावेत, काम उघड्या हवेत करावे, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नये.

क्वारंटाइन टँक साधा असला की पुरतो. साठेक लिटरचा, तळाशी वाळू नसलेला टँक, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, हीटर, झाकण आणि स्पंज फिल्टर एवढीच सामग्री लागते. हा स्पंज महिनाभर आधीपासून मुख्य टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवलेला असावा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यावर वाढलेले असतात. कोरा स्पंज लावला तर रोगाआधी अमोनियाच मासा मारतो, आणि माझ्या पाहण्यात क्वारंटाइनमध्ये मेलेले बरेचसे मासे असेच गेले आहेत. अमोनिया रोज तपासावा आणि किंचितही आढळला तर पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. आजार पसरलेल्या टँकमधूनच स्पंज काढून आणला तर त्यासोबत परजीवीही येतो. आजारी माशासाठी ते चालते, नव्या निरोगी माशासाठी नाही.

नाशिकच्या हवेने यात भर घातली आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते. मोठा टँक ते सोसतो, पण साठ लिटरचा टँक पहाटेपर्यंत थंड पडतो, म्हणून १०० वॉटचा हीटर आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उलट अडचण येते: पाणी झपाट्याने उडते, क्षार आणि औषध दोन्ही घट्ट होतात. उडालेल्या पाण्याच्या जागी साधे आरओ पाणी घालावे. बदललेल्या पाण्याच्या जागी मात्र तेवढेच औषध घातलेले खारे पाणी घालावे. या दोहोंतली गल्लत फार महागात पडते.

इक आणि व्हेल्वेटवर खात्रीचा उपाय म्हणजे तांबे. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद कुणालाही नवे नाही, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच. म्हणून काही जण दुकानातला पुडाच आणतात, पण हिशेब पाहावा: मुक्त तांब्याचे उपचारप्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असते, आणि मोरचुदात वजनाच्या सुमारे पाव भाग तांबे असते. म्हणजे ६० लिटरला अवघे ३५ ते ४७ मिलिग्रॅम मोरचूद. एवढे वजन घरच्या काट्यावर होत नाही आणि शेतीच्या मालाच्या शुद्धतेची खात्री नसते. तेव्हा टँकसाठीचे तयार द्रावण घ्यावे. चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रसायनाशी बांधलेल्या तांब्याच्या प्रकारात आकडा पूर्ण वेगळा असतो, म्हणून लेबलवरचेच प्रमाण पाळावे आणि टेस्ट किट त्याच प्रकाराला चालणारे आहे हे पाहावे. प्रमाण दोन दिवसांत हळूहळू वाढवून तीन आठवडे स्थिर ठेवावे. एक दिवसही ते खाली घसरले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. अमोनिया निष्प्रभ करणारी रसायने तांब्यासोबत घालू नयेत, कारण त्यांनी तांबे अधिक विषारी होते. मुख्य टँकमध्ये तर तांबे थेंबभरही नको: कोरल, झिंगे आणि गोगलगाई त्याने मरतात, आणि खडकात मुरलेले तांबे पुढे कधीही सुटू शकते.

दरम्यान मुख्य टँकमध्ये एकही मासा ठेवू नये. तळाशी पडलेल्या कोषांतून इकची पिल्ले बहुतेक वेळा चार आठवड्यांत फुटतात, पण प्रयोगात ७२ दिवसांपर्यंत फुटल्याची नोंद आहे, म्हणून ७६ दिवस मोजण्याची पद्धत पडली. मासा मिळाला नाही की ती पिल्ले दोन दिवसांच्या आत मरतात.

मुंबईहून आणलेल्या नव्या माशालाही चार आठवडे याच टँकमध्ये ठेवावे. पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा पीएच खाली गेलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर तिच्यात टँकचे पाणी थेंबथेंब सोडत बसू नये. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटे तापमान जुळवावे, मग उघडून रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजणाऱ्या उपकरणाने) तिच्यातल्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, पाहावी. दुकानातले पाणी बऱ्याचदा कमी खारे असते. तेव्हा क्वारंटाइनचे पाणी आधीच तितके पातळ करून मासा लगेच सोडावा आणि पुढच्या काही दिवसांत क्षारता चढवत न्यावी.

उपचाराच्या टँकची जाळी, बादली आणि नळी वेगळी ठेवावी. माझ्याकडे त्या सर्वांवर लाल टेप आहे, आणि काम संपल्यावर त्या धुऊन गच्चीवर कडक उन्हात पूर्ण कोरड्या होईपर्यंत ठेवल्या जातात.