नोबुनागाचा घात: क्योतोत दोन दिवस कसे काढावेत

१५८२ मध्ये जपानचा बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा क्योतोतल्या होन्नोजी या देवळात आपल्याच सरदाराच्या, आकेची मित्सुहिदेच्या, हल्ल्यात मेला. नकाशात नुसतं ‘होन्नोजी’ टाकलंत तर चुकीच्या जागी पोचाल. तेरामाची रस्त्यावरचं आजचं देऊळ नोबुनागाचा दुसरा सरदार हिदेयोशी याने १५९१ मध्ये हलवून आणलेलं. ओदा नोबुनागा मेला ती जागा दुसरी. म्हणून हे देऊळ शेवटी ठेवा.

पहिल्या दिवशी अझुची, म्हणजे नोबुनागाच्या गडाचं गाव. क्योतोहून सुटणारी शिन-काइसोकु ही जलद गाडी अझुचीला थांबत नाही. ओमि-हाचिमानला उतरून साधी गाडी धरा, पुढचंच स्टेशन आहे. १५६० मध्ये ओकेहाझामाला प्रतिस्पर्धी सरदार इमागावा योशिमोतोला अचानक गाठून मारणारा ओवारी प्रांताचा सरदार नोबुनागा १५६८ मध्ये क्योतोत शिरला, १५७३ मध्ये त्याने शोगुनला, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याला, हाकललं आणि १५७६ मध्ये हा गड बांधायला घेतला. सुमारे चारशे पायऱ्या आहेत, कमीजास्त उंचीच्या. पावसात बूट घसरतात. चढताना खाली बघत चला, काही पायऱ्यांना चक्क बुद्धमूर्तींचे दगड लावलेत. वर मनोरा सापडणार नाही, जोत्याचे दगड तेवढे उरलेत. घातानंतर दोन आठवड्यांच्या आतबाहेर तो जळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामेओका. आकेची मित्सुहिदेचा कामेयामा गड इथलाच. १५८२ मध्ये तो साधारण १३,००० फौज घेऊन इथून निघाला. हुकूम होता पश्चिमेला, बित्चू प्रांतात ताकामात्सू गडाला वेढा घालून बसलेल्या हिदेयोशीच्या कुमकेला जायचा. ओइ-नो-साका खिंड उतरली की वाट फुटते: एक यामाझाकीमार्गे पश्चिमेला, दुसरी क्योतोला. फौज क्योतोकडे, होन्नोजीत उतरलेल्या नोबुनागाकडे वळली. आज त्या वाटेवर मोटाररस्ता आहे, पायी चालायचा हट्ट नको. नकाशावर बोट फिरवलं तरी चालेल.

घाताच्या तारखेत हमखास गफलत होते. जपानी पंचांगात ती सहाव्या महिन्याची दुसरी तिथी, म्हणजे जुन्या युरोपीय गणनेनं २१ जून. ‘२ जून’ लिहिलेलं दिसलं तर ती तिथीच आहे, इंग्रजी तारीख नव्हे. आणि तिथी धरली की एक गोष्ट लगेच कळते: अमावास्या नुकतीच झालेली, रात्र काळीकुट्ट. कात्सुरा नदीपाशी बंदुकांचे तोडे, म्हणजे बार उडवायच्या वाती, पेटवून तयार ठेवायचा हुकूम सुटला, असं नंतरच्या बखरीत आहे. तोडा दीड शाकू, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर.

मित्सुहिदेच्या मनात काय होतं यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, निकाल एकाचाही नाही. त्यापेक्षा नोबुनागाचे सरदार आणि त्याचा मित्र इएयासु तेव्हा कुठे होते ते कागदावर मांडा: हिदेयोशी बित्चूत, शिबाता कात्सुइए उत्तरेला उएसुगींशी झुंजत, ताकिगावा काझुमासु कांतोत, निवा नागाहिदे ओसाकाला, इएयासु साकाईत. क्योतोत नोबुनागापाशी मूठभर माणसं, आणि जवळ तयार फौज फक्त मित्सुहिदेची.

दुपारी शिजो स्टेशनवरून पश्चिमेला चालत ताकोयाकुशी आणि आबुरानोकोजी या रस्त्यांच्या चौकात या. मूळ जागेची खूण म्हणजे दगडी खांब, चटकन नजरेतून सुटतो.

मग तेरामाचीला. फाटकावरच्या नावातलं ‘नो’ अक्षर नेहमीसारखं नाही हे बघा. त्याच्या उजव्या अंगाचे दोन तुकडे ‘हि’ असे वाचता येतात आणि ‘हि’ म्हणजे आग. देऊळ पुनःपुन्हा जळालं, म्हणून ते तुकडे बदलून अक्षर लिहितात.